पाचव्या पायरीवरची चिंधी

गुरुवार, २४ एप्रिल २०२५, संध्याकाळचे पावणेसहा. वडनेर भोलजी गावात, आपल्याच अंगणात, सरस्वतीबाई शिडीच्या पाचव्या पायरीवरून पडल्या. त्यांना एक्याऐंशीवं वर्ष चालू होतं. पायरी मधोमध मोडली. डावा खुबा आणि डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. तेरा मिनिटांत गाडी आली आणि त्यांना खामगावला नेलं.

ती शिडी म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. आमच्याकडची जुनी माणसं मला निसणी म्हणतात. माझ्यासारख्यांच्या गोष्टीत आधी जन्म येतो, मग कष्टाची वर्षं, मग अडगळ. मी मात्र पडण्यापासून सुरुवात केली. पुढे मी सरस्वतीबाईंबद्दल खूप चांगलं सांगणार आहे आणि ते सगळं खरं आहे. पण ते सांगणारी कोण आहे, हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं.

माझा जन्म १९७१ च्या उन्हाळ्यातला. नारायणराव सुतारांनी मला चार दिवसांत उभं केलं. दोन उभे दांडे सागाचे, लांबी बारा फूट. पायऱ्या अकरा, बाभळीच्या. प्रत्येक पायरी खाचेत बसवून पाचर ठोकलेली. मला खिळा लावलेला नाही. सरस्वतीबाईंचे यजमान महादेवराव भाजीपाला पिकवायचे. घराच्या धाब्यावर मिरच्या आणि कांद्याचं बी वाळवायला त्यांना शिडी हवी होती. मला भिंतीला लावलं तेव्हा महादेवराव पुढे सरसावले, पण त्यांच्या आधी सत्तावीस वर्षांच्या सरस्वतीबाई मिरच्यांची पाटी कमरेवर घेऊन थेट वर गेल्या. नारायणराव खालून म्हणाले, "वहिनी, वर्साले एकदा जवसाचं तेल पाजा हिले. नातवंडायलेबी पुरन." पुढे दर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मला तेल मिळत गेलं. त्रेपन्न वर्षांत एकदाही चुकलं नाही. चोपन्नाव्या वर्षी तेलाऐवजी रंग मिळाला. त्याचं पुढे सांगते.

पहिली दोन वर्षं मी त्या घरापुरतीच होते. मग शेजारचे मला मागू लागले. त्यांतले एक शंकरराव. ते घरांवरचे कवेलू फेरायचं काम करत, म्हणजे पावसाळ्याआधी छपरावरची फुटकी कौलं काढून सगळी पुन्हा नीट रचायची. जून १९७३ मध्ये त्यांनी मला नेलं. माझ्या सातव्या पायरीला तेव्हा चीर गेली होती. महादेवरावांना ते माहीत होतं. सुताराला बोलावू, उद्या बोलावू, असं चाललं होतं. मला देताना ते सांगायचं राहून गेलं. शंकरराव पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. त्यानंतर त्यांना कवेलूचा गठ्ठा एका हाताने कधी उचलता आला नाही.

गल्लीत सगळे म्हणत होते की पाय घसरला. शंकररावही तेच म्हणत होते. चौथ्या दिवशी सरस्वतीबाई त्यांच्या अंगणात गेल्या. मी तिथेच भिंतीला टेकून होते. आठ-दहा माणसं बसली होती. सरस्वतीबाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "शंकरभाऊचा पाय नाही घसरला. पायरी चिरली व्हती. अन् आमाले माहीत व्हतं."

महादेवराव दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सुताराला बोलावलं.

त्यानंतर सरस्वतीबाईंनी दोन नियम केले. ते गल्लीभर सांगितले आणि गल्लीने ते पाळले. पहिला नियम असा, की ज्याला पायरीत खोट दिसेल त्याने तिथेच लाल चिंधी बांधायची. घरात कोणी असो नसो, सांगायला वेळ असो नसो, चिंधी पुरे. चिंधी दिसली की कोणी चढायचं नाही आणि नवी पायरी बसेपर्यंत ती कोणी सोडायचीही नाही. दुसरा नियम त्यांच्या स्वतःसाठी होता. शिडी कोणाला द्यायची तर आधी आपण चढून पाहायची. घ्यायला आलेल्या माणसाला ओट्यावर बसवायचं, चहा द्यायचा, आणि तो चहा पितो तोवर अकराच्या अकरा पायऱ्यांवर टाच दाबून यायचं. लोक हसायचे. कोणी म्हणे, "काकू, म्या घाईत हाव." त्यावर त्या म्हणत, "घाई असन तर उडून जाय. निसणी पाहूनच भेटन."

एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ मंडपासाठी मला मागायला आले. त्यांना आपादमस्तक पाहून सरस्वतीबाई शांतपणे म्हणाल्या की निसणी देते, पण चढायले तुमचा पोरगा पाठवा. ते गृहस्थ स्वतःच इतके हसले की चहा सांडला.

मित्रांनो, माझ्या कष्टाच्या वर्षांची यादी मी देणार नाही, ती फार लांब होईल. शाळेचं छप्पर, लग्नांचे मंडप, दसऱ्याआधीची चुनारंगोटी, छपरावर अडकलेली मांजरं, कुरड्यांच्या दिवसांत वर चढवलेली गव्हाच्या चीकाची पातेली. १९८४ मध्ये मागच्या आळीत कडब्याच्या गंजीला आग लागली तेव्हा माझ्यावर सहा बाया उभ्या राहून हातोहात पाण्याच्या बादल्या वर देत होत्या. सर्वांत वरच्या पायरीवर सरस्वतीबाई होत्या. लुगड्याचा काठ जळला होता, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. १९९३ मध्ये महादेवराव गेले. त्यानंतर मळा त्यांनीच पाहिला, मुलगा शेषरावला शिकवलं, आणि तरीही ज्या घरी बाळंतीण असेल तिथे पहिल्या पाच दिवसांची भाजी त्यांच्या मळ्यातून जात राहिली. गावात त्यांच्याकडे सल्ला मागायला येणारे बहुतेक शिडी मागायच्या निमित्ताने येत. चहा पिता पिता खरी गोष्ट निघे. नवऱ्याचं पिणं, सुनेचं माहेरी जाणं, पोरीचं शिक्षण थांबवायचा बेत. वरून, माझ्या नवव्या-दहाव्या पायरीवरून, सरस्वतीबाई उत्तर देत. वर उभं राहून बोललेलं लोक का कोण जाणे ऐकून घेत.

शंकररावांचा मुलगा उकंडराव वडिलांचं काम लहानपणीच शिकला. त्यांनी स्वतःची शिडी कधी घेतली नाही. त्यांना कधी गरजच पडली नाही. सत्तेचाळीस वर्षं ते मलाच न्यायचे. चढताना ते माझ्या दांड्याला हात लावून कपाळाला लावायचे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

अलीकडे माझी मागणी कमी झाली. बऱ्याच घरांवर स्लॅब आले, स्लॅबना जिने आले, अ‍ॅल्युमिनियमच्या घडीच्या शिड्या आल्या. गेल्या वर्षभरात मला फक्त तीनदा नेलं, त्यांपैकी दोनदा उकंडरावांनी. सरस्वतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या आता खालच्या पाच पायऱ्याच चढत आणि वरच्या काठीने ठोकून आवाज ऐकत. शेषरावांनी त्यांना कितीदा मनाई केली. त्या म्हणत, "पाचावर तरी चढू दे बापा. तेवढंबी नाही केलं तर मंग देतो कायले?"

आता एप्रिलचं सांगते. तारखा नीट देते, कारण दोष कोणाचा हे तारखांवरच ठरतं.

९ एप्रिल, बुधवार. उकंडराव मला गोठ्याच्या कामाला घेऊन गेले. पाचव्या पायरीवर उभं राहिल्यावर त्यांना बारीक आवाज आला. खाली उतरून त्यांनी पाहिलं. वीतभर चीर होती, पायरीच्या खालच्या अंगाने. १० एप्रिल, गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास त्यांनी मला परत आणलं. घरी कोणी नव्हतं. सरस्वतीबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाल्याचा सत्कार रविवारी होता, आणि सगळे साड्या घ्यायला नांदुऱ्याला गेले होते. उकंडरावांनी बायकोच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी पाचव्या पायरीला बांधली, दोन गाठी मारून. मला मागच्या भिंतीच्या खुंट्यांवर ठेवलं आणि ते गेले. पन्नास वर्षांत कोणालाही त्यापेक्षा जास्त काही करावं लागलं नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार, दुपार. शेषरावांची मुलगी प्रतीक्षा, वय बावीस, खामगावच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. सत्काराच्या खुर्चीमागे आजीची शिडी उभी करायची, ही कल्पना तिची. आजीने गावासाठी काय केलं हे शिडीपेक्षा चांगलं कशाने दिसेल, असं ती वडिलांना म्हणाली. शेषरावांना ते पटलं. घराला रंग देणं चालूच होतं. तिने पिवळा आणि लाल ऑइलपेंट घेतला, ब्रश घेतला आणि माझ्याजवळ बसली.

तिला चिंधी दिसली. चिंधीची गोष्ट तिने लहानपणी ऐकली होती, पण आपल्या आजीच्या पराक्रमांपैकी एक म्हणून, आजही चालू असलेला नियम म्हणून नव्हे. तिच्या समजत्या वयात चिंधी बांधलेली तिने कधी पाहिली नव्हती. मळकट कापड आहे, फोटोत वाईट दिसेल, एवढाच तिने विचार केला. दोन्ही गाठी दातांनी सोडवल्या. खाली चीर दिसली. तिने बोट फिरवून पाहिलं. जुनं लाकूड आहे, असायचंच, असं ती स्वतःशी म्हणाली. रंगाऱ्याच्या डब्यातली पुट्टी तिने चिरेत भरली, वाळल्यावर घासून गुळगुळीत केली आणि वरून दोन हात लाल रंग दिला.

तिच्या मनात कोणतंही पाप नव्हतं. माझ्या मनात मात्र काय होतं ते मला सांगायलाच हवं. मला बरं वाटत होतं. चोपन्न वर्षं लोकांनी मला मजबूत म्हटलं होतं. देखणी कोणीच म्हटलं नव्हतं. ती चीर झाकली जात होती आणि मी सुखावत होते.

१३ एप्रिलचा सत्कार फार छान झाला. ऐंशी दिव्यांनी औक्षण झालं. मला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सरस्वतीबाईंनी मला पाहिलं आणि नातीला म्हणाल्या, "काऊन नटवलं वं हिले? लगन लावता काय हिचं?" मांडवभर हशा पिकला. खूप फोटो निघाले. सगळ्या फोटोंत मी आहे. उकंडरावही जेवायला होते. जिलबीची पत्रावळ हातात घेऊन ते माझ्याजवळ आले, पाचव्या पायरीकडे पाहिलं, थोडा वेळ थांबले आणि पंगतीत जाऊन बसले.

त्यानंतर अकरा दिवस मला कोणी मागितलं नाही.

२४ एप्रिलला संध्याकाळी पुढच्या आळीच्या वच्छलाबाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गच्चीवर कुरड्या टाकायच्या होत्या आणि त्यांच्या गच्चीला जिना नाही. प्रतीक्षा कॉलेजात होती, शेषराव मळ्यात. सरस्वतीबाईंनी त्यांना बसायला सांगितलं.

"आता काय पाहता काकू," वच्छलाबाई म्हणाल्या. "नवीकोरी दिसून राह्यली."

"रंग वजन पेलत नाही, वच्छले. धर खालून."

वच्छलाबाईंनी दोन्ही दांडे धरले. सरस्वतीबाई चढल्या. एक, दोन, तीन, चार. प्रत्येकीवर टाच दाबली. चिरलेलं लाकूड वजन पडलं की आधी कुरकुरतं. उकंडरावांना ते ऐकू आलं होतं. पण आता चिरेत पुट्टी घट्ट बसली होती. पाचव्या पायरीवर मी गप्प राहिले. त्यांनी टाच दाबली, पूर्ण वजन दिलं, आणि मी मोडले.

त्यांनी पाहून घेतलं नसतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, चीकाचं गरम पातेलं हातात घेऊन, वच्छलाबाई पडल्या असत्या. हे वच्छलाबाईंना ठाऊक आहे. तेव्हापासून त्या आमच्या अंगणात आल्या की माझ्याकडे पाठ करून बसतात.

पुढचं काही मी पाहिलं आहे, काही अंगणात बोलताना ऐकलं आहे. खामगावच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या आत रक्त साकळलं होतं. घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता: शेवटी निसणी कोणी नेली व्हती? शेषराव सांगत होते, उकंडरावांनी. दुसऱ्या दिवशी उकंडराव स्वतः आले. मोडलेल्या पायरीचे तुकडे त्यांनी हातात घेतले. आपण चिंधी बांधली होती, असं त्यांनी शेषरावांना सांगितलं. शेषरावांनी अंगणभर पाहिलं. चिंधी कुठेच नव्हती. ते म्हणाले, "उकंडभाऊ, चूक झाली तर झाली म्हणा. चिंधीचं काऊन सांगता?"

उकंडराव हातातले तुकडे खाली ठेवून गेले.

मे महिना हा त्यांच्या कामाचा महिना. पाऊस लागण्याआधी कवेलू फेरून घ्यायचे असतात. दरवर्षी या दिवसांत त्यांना सकाळी चहा प्यायला उसंत नसते. या वर्षी त्यांना कोणी बोलावलं नाही. जो माणूस मोडकी शिडी मुकाट ठेवून जातो, तो आपल्या छपरावर काय ठेवून जाईल, असं लोक बोलू लागले. चौकात एकाने चहा पिता पिता म्हटलं की उकंडरावले काम सांगायच्या आधी काकूनं चढून पाहाव लागते, पण काकू तर दवाखान्यात हाय. चारजण हसले. हे आमच्याच ओट्यावर कोणीतरी सांगितलं आणि तेव्हा कोणी हसलं नाही.

६ मे, मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सरस्वतीबाई गेल्या. दुपारी तीनला त्यांना अंगणातून उचललं. सगळं गाव होतं. खांदा द्यायला उकंडराव पुढे आले. शेषरावांनी त्यांच्याकडे न पाहता हलक्या आवाजात म्हटलं, "तुमी राहू द्या." उकंडराव मागे सरले. टोपी काढून भिंतीला लागून उभे राहिले, माझ्या अगदी शेजारी.

प्रतीक्षा चार पावलांवर होती. तिने ते ऐकलं आणि ती गप्प राहिली. मित्रांनो, मीही गप्पच होते, पण मला तोंड नाही.

९ मेच्या दुपारी घरात सगळे पडलेले असताना ती भाजी चिरायचा चाकू घेऊन आली. मोडलेल्या टोकावरचा रंग तिने खरवडला. लाल रंगाखाली पांढरी पुट्टी निघाली, पुट्टीखाली काळपट जुनी चीर. मग बोटाने पुट्टीचा एक कण काढून तिने पदरात, नाही, ओढणीच्या टोकात बांधला. तो तिने का बांधला ते मला माहीत नाही.

तेरवी १८ मेला झाली. १९ तारखेला सकाळी तिने वडिलांना सांगितलं. शेषराव ओट्यावर बसून हिशेब नसताना नुसतंच काहीतरी वहीत लिहीत होते. पेन थांबलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "रविवारी शोकसभा हाय. ते होऊ दे. मंग पाहू."

"मंग कधी, बाबा?"

"कोणी जाणून केलं नाही. अन् आता सांगून माय परत येत नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "खांदा म्या नाकारला, पोरी. ते लोकायच्या देखत."

म्हणजे आता ते सांगणं तिच्या एकटीचं राहिलं नव्हतं. तिचं खरं बाहेर आलं की वडिलांची चूकही बाहेर येणार होती.

२१ मे, बुधवार. शेषराव मळ्यात गेल्यावर प्रतीक्षाने उकंडरावांना बोलावून आणलं. ते अंगणात आले, पण ओट्यावर बसले नाहीत. माझ्याजवळ उकिडवे बसले. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. चिंधी, गाठी, पुट्टी, रंग. दवाखान्यात चौथ्या दिवशी आजी शुद्धीवर होती, तेव्हा ती काय म्हणाली तेही सांगितलं. आजी म्हणाली होती, उकंडा चिंधी बांधल्याबगर ठेवणार नाही, पाहा कुठी पडली असन. प्रतीक्षा तेव्हा तिला चमच्याने पाणी पाजत होती. तिने मान हलवली आणि पुढचा चमचा भरला.

"तेव्हाच बोलायचं होतं काका. आजी होती तेव्हा. मी नाही बोलले."

उकंडरावांनी बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा मारल्या.

"मलेबी एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "सत्काराच्या दिवशी म्या पाहिलं. चिंधी नव्हती. रंग नवा. म्हटलं पायरी बदलली असन यायनं. हात लावून पाहायचं मनात आलं. पण हाताले जिलबीचा पाक व्हता. नवा रंग खराब व्हईन म्हनून नाही लावला." त्यांनी काडी मोडली. "काकू तितंच बसल्या व्हत्या. इचारलं असतं तं एका शब्दाचं काम व्हतं."

मग उकंडराव उठले आणि गुडघे झटकत म्हणाले, "तू नको सांगू कोणाले. तुह्यं लगन व्हायचं हाय. लोकं जलमभर म्हनतीन, हिनं आजीले पाडलं. मह्यं काय, मह्यं वय झालं."

"तुमचं काम बंद झालंय काका."

"व्हईन सुरू. छपरं गळाले लागल्यावर लोकं सगळं इसरतेत."

ते गेले. जाताना, कसं कोण जाणे, सवयीने त्यांचा हात माझ्या दांड्याला लागला आणि कपाळाकडे गेला. मला मोडूनही तो मान मिळाला, याची मला अजून लाज वाटते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काही मागतो. पुसून ठेवा, तेल द्या, अडगळीत टाकू नका, असं. मी तसं काही मागणार नाही. मला आता पायऱ्या दहाच आहेत आणि अकरावी बसवायला मी कोणाला सांगणारही नाही. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी एखाद्या जुन्या वस्तूला काही बांधून, लावून, खूण करून ठेवलं असेल, तर ते काढण्याआधी विचारा. दिसायला ते किती का ओंगळ असेना. आणि तुम्हाला ती खूण नाहीशी झालेली दिसली, तर हाताला पाक लागलेला असला तरी विचारा. आमच्या घरात आणि शेजारात दोन आठवडे सगळ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवला. तो विश्वास सरस्वतीबाईंनीच पन्नास वर्षांत रुजवला होता. त्यांनी स्वतः मात्र तेवढ्यावर कधीच भागवलं नाही. त्या चढून पाहत राहिल्या.

आज रविवार, २५ मे. मारुतीच्या देवळासमोर शोकसभा आहे. मी घरामागच्या भिंतीला आडवी आहे, पण भोंगा मोठा आहे आणि इथवर सगळं ऐकू येतं. सभा नऊला सुरू झाली. सरपंच बोलले. १९८४ च्या आगीचं त्यांनी बरोबर सांगितलं, फक्त बाया सहाच्या दहा केल्या. वच्छलाबाईंना बोलावलं तर त्या रडल्या आणि खाली बसल्या. नऊ पस्तीसला शेषराव बोलले. माय दुसऱ्याले देण्याआधी स्वतः चढून पाहत होती, असं म्हणाले. मग माइक ठेवल्याचा आवाज आला.

मघाशी घरात पाणी न्यायला आलेल्या दोन बायांच्या बोलण्यावरून कळलं की उकंडरावही गेले आहेत. सगळ्यांत मागे, पारावर न बसता उभे आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना कोणी उभं नाही.

नऊ सत्तेचाळीसला सूत्रसंचालकाने सांगितलं की आता आजींची नात प्रतीक्षा दोन शब्द बोलेल. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं ऐकू आली. कोणीतरी माइक खाली केला.

आता नऊ अठ्ठेचाळीस झाले आहेत. भोंगा चालू आहे. त्यातून फक्त तिचा श्वास ऐकू येतो आहे.